गाडीवर रंग कुणाचा, आरसी बुकात नाव कुणाचे?



मार्चअखेर आली की आमच्या वस्तीत एक काम ठरलेले असते. जयंतीच्या मिरवणुकीसाठी ट्रक बघायचा. कधी मार्केट यार्डातून, कधी नाना पेठेतून, कधी निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरीतून, कुणाच्या तरी ओळखीने गाडी मिळते. भाडे ठरते. १३ एप्रिलच्या रात्री हौद्याला निळे कापड गुंडाळले जाते. केबिनच्या कपाळावर जे काही ‘प्रसन्न’ लिहिलेले असते, ते बाबासाहेबांच्या फ्लेक्सखाली झाकले जाते. १४ एप्रिलला गाडी पुणे स्टेशनसमोरच्या पुतळ्याकडे निघते. १५ तारखेला सकाळी आपण कापड सोडवतो आणि खालचा मूळ रंग पुन्हा दिसू लागतो. मालकाचा देव, मालकाचे आडनाव, मालकाच्या मुलांची नावे.

असेच कापड सोडवताना आमच्यातल्या एका तरुण कार्यकर्त्याने विचारले, “आपला रंग एकच दिवस का?”

प्रश्न साधा होता, पण उत्तर साधे नाही. ते द्यायचे तर ट्रकच्या रंगाचा इतिहास बघावा लागतो. ट्रकवरच्या चित्रांचे कौतुक करणारे लेख आता वरचेवर येतात. मोर, कमळ, गाय-वासरू, डोंगरामागून उगवणारा सूर्य, हे सगळे ‘लोककला’ म्हणून दाखवले जाते. ती चित्रे आम्हालाही आवडतात. पण त्या लेखांत एक प्रश्न कधी विचारला जात नाही: ही गाडी कुणाची, ती भरली कुणी, चालवली कुणी आणि यांपैकी कुणाचे नाव गाडीवर आहे? आपण त्या प्रश्नापासून सुरुवात करू.

खूण कोण कुणावर लावतो?

मालवाहतूक कंपन्या आपल्या सर्व गाड्यांना एकच ठरावीक रंग देतात. त्याला इंग्रजीत लिव्हरी म्हणतात. हा शब्द मुळात गाडीचा नाही. युरोपात सरंजामदार आपल्या नोकरचाकरांना ठरावीक रंगाचे कपडे देत. तो कपडा म्हणजे लिव्हरी. रस्त्याने जाणारा माणूस कुणाच्या पदरी आहे, हे त्या कपड्यावरून कळे. पुढे ही खूण नोकराच्या अंगावरून घोडागाडीवर आली, घोडागाडीवरून मोटारीवर आली. इंग्लंडमधल्या एडी स्टोबार्ट कंपनीच्या हिरव्या-लाल-सोनेरी ट्रकांवर प्रेम करणारे हजारो लोक तिथे आहेत. त्या कंपनीच्या प्रत्येक ट्रकला बाईचे नाव देण्याची प्रथा होती. लोक प्रवासात कोणत्या नावाची गाडी दिसली याची टिपणे ठेवत. छंद म्हणून ते ठीक आहे. पण शब्दाचे मूळ विसरू नये. लिव्हरी म्हणजे धन्याची खूण.

आता पुण्याकडे या. धन्याची खूण अंगावर वागवणे म्हणजे काय, हे या शहराला कुणी युरोपातून येऊन शिकवण्याची गरज नव्हती. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी बाबासाहेबांनी एक भाषण लिहिले. मंडळाने ते होऊ दिले नाही, म्हणून बाबासाहेबांनी ते स्वतः छापले. त्यात त्यांनी पेशव्यांच्या राजधानीचे, म्हणजे या पुण्याचे, उदाहरण दिले आहे. अस्पृश्याने कमरेला झाडू बांधायचा, म्हणजे त्याची पावले उमटलेली धूळ पुसली जाईल. गळ्यात मडके अडकवायचे, म्हणजे त्याची थुंकी जमिनीवर पडणार नाही. मराठी मुलखात मनगटाला किंवा गळ्यात काळा दोरा बांधायचा, म्हणजे चुकून कुणी त्याला शिवणार नाही.

युरोपातल्या नोकराला निदान कपडा मिळत होता. आपल्या पूर्वजांना मिळाले मडके आणि झाडू. दोन्हीकडे खूण लावणारा वेगळा आणि ती वागवणारा वेगळा. त्यामुळे गाडीवरचा कोणताही रंग बघताना पहिला प्रश्न तो सुंदर आहे का हा नसतो. तो कुणी लावला आणि कुणावर लावला, हा असतो.

ट्रकच्या आधी ओझे कुणी वाहिले?

घुंगरू, गोंडे, आरसे, कवड्या हा ट्रकचा साज ट्रकबरोबर जन्माला आला नाही. मोटार येण्याच्या, रेल्वे येण्याच्या आधी या देशात धान्य आणि मीठ दूरवर नेले ते लमाण-बंजाऱ्यांनी. हजारो बैलांचे त्यांचे तांडे दख्खनच्या पठारावरून फिरत. मोगलांच्या, मराठ्यांच्या आणि पुढे इंग्रजांच्या फौजा त्यांनी आणलेल्या धान्यावर जगल्या. तांड्याच्या पुढे चालणाऱ्या बैलाला कवड्या, आरसे, घंटा यांनी सजवलेले असे. आजही केबिनच्या पुढच्या काचेभोवती लोंबणारे गोंडे बघितले की तो पुढारी बैल आठवतो.

मग रेल्वे आली. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ साली सुरू झाला. १८६३ साली बोरघाटाचा चढ पूर्ण झाला आणि मुंबई-पुणे सलग जोडले गेले. घाट खोदताना हजारो मजूर पटकीने, तापाने आणि अपघातांनी मेले. त्यांच्या नावाची पाटी घाटात नाही. तांड्यांचा धंदा रेल्वेने खाल्ला. धंदा गेलेल्या भटक्या जमातींना इंग्रज सरकारने काय दिले? १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. पिढ्यान् पिढ्या देशाचे ओझे वाहणाऱ्या, न वाहणाऱ्या अनेक भटक्या जमाती एका फटक्यात जन्मजात गुन्हेगार ठरल्या. त्या कलंकातून कायद्याने सुटायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला.

पुढे मालमोटार आली तेव्हा बैलाचा साज मोटारीवर चढला. साज घातला गेला, पण साजवाल्यांना धंदा परत मिळाला नाही. मोटार विकत घ्यायला भांडवल लागते, तारण लागते, पेढीवर ओळख लागते. ज्यांच्याकडे जमीन होती, सावकारी होती, भुसार मालाची आडत होती, त्यांच्याकडे ट्रक आले. पुण्याच्या भवानी पेठेत, नाना पेठेत ट्रान्सपोर्टची कार्यालये उभी राहिली. आपली माणसे त्याच पेठांतल्या वाड्या-वस्त्यांत राहत होती. त्यांच्या वाट्याला आली पाठीवरची पोती.

चाक चालवण्याचा हक्क

वाहन आणि जात यांचे नाते समजून घ्यायचे तर बाबासाहेबांच्या आयुष्यातले दोन प्रवास पुन्हा वाचावेत. दोन्ही त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहेत.

पहिला १९०१ चा. वडील नोकरीसाठी गोरेगावला होते. सुट्टीत त्यांना भेटायला लहानगा भीमराव, भाऊ आणि भाचे सातारा जिल्ह्यातल्या मसूर स्टेशनवर उतरले. न्यायला कुणी आले नव्हते. मुले महारांची आहेत हे कळताच एकही गाडीवान बैलगाडीत बसवायला तयार होईना. शेवटी सौदा ठरला: भाडे दुप्पट, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने पायी चालणार. पैसे चालतील, स्पर्श चालणार नाही.

दुसरा १९२९ चा. बाबासाहेब तोवर बॅरिस्टर होते, मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य होते. त्या कामासाठी ते खानदेशात गेले होते. चाळीसगाव स्टेशनवर महारवाड्यातली मंडळी घ्यायला आली. टांगेवाल्यांनी टांगा हाकायला नकार दिला. टांगा भाड्याने देऊ, पण हाकणार नाही. मग टांगा त्यांचा आणि हाकणारा आपल्यातला, असे ठरले. त्या बिचाऱ्याने कधी टांगा हाकला नव्हता. मोरीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पायाचे हाड मोडले. नंतर त्यांनी लिहिले त्याचा अर्थ असा, की हिंदू टांगेवाला कितीही गरीब असो, बॅरिस्टर असलेल्या अस्पृश्याहून तो स्वतःला श्रेष्ठ समजू शकतो.

मित्रांनो, या दोन्ही प्रवासांत एक गोष्ट सारखी आहे. गाडी त्यांची, चाकाचे काम आपले, धोका आपला.

मोटारीने यात एक फरक केला, तो मान्य केला पाहिजे. मोटार शिकायला पूर्वजांचा धंदा लागत नाही. लायसनच्या परीक्षेत जात विचारत नाहीत. सैन्यात, देहूरोड-खडकीच्या डेपोंत आणि कारखान्यांत, दापोडीच्या वर्कशॉपात कामाला लागलेल्या आपल्या माणसांच्या हाताला यंत्राची ओळख झाली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर निळ्या-चंदेरी रंगाची पहिली एसटी धावली. जो तिकीट काढेल तो बसेल, हा नियम गावगाड्याला न मानवणारा होता, पण तो नियम होता. १९०१ च्या त्या मुलांना असा नियम मिळाला असता तर दुप्पट भाडे पडले नसते.

हाकण्याचा हक्क मिळाला. मालकी मात्र आपोआप मिळाली नाही. ते समजायला ट्रकवरचा मजकूर वाचावा लागतो.

ट्रक वाचायचा कसा?

टाटांनी १९५४ साली जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार करून ट्रक बनवायला सुरुवात केली. १९६९ पर्यंत त्या ट्रकांच्या तोंडावर मर्सिडीजचा तारा असे. जुने चालक अजून त्या गाडीला मर्सिडीजच म्हणतात. १९६० च्या दशकात टेल्कोचा कारखाना पिंपरीत आला आणि पुणे हे ट्रक चालणारे शहर होते, ते ट्रक बनवणारेही शहर झाले. त्या काळी कारखान्यातून अनेकदा फक्त सांगाडा यायचा. केबिन आणि हौदा बांधायचा स्थानिक कारागिरांनी. सुतार लाकूडकाम करायचा, लोहार पट्ट्या ठोकायचा, मग गाडी पेंटरकडे जायची. लांबी भरणे, घासणे, प्राइमर, दोन हात ऑइल पेंट, मग दोरीला खडू लावून रेघ मारायची आणि त्या रेघेवर अक्षरे. अक्षराला सावली द्यायची ती कुठल्या बाजूने, यावरून जाणकार पेंटर ओळखायचे. ब्रश धरणाऱ्यांत मुस्लिम कारागीर होते, बलुतेदारांची मुले होती, आपल्या वस्त्यांतली मुलेही होती. १९७२ नंतर पँथरच्या आणि रिपब्लिकन पक्षाच्या शाखांचे फलक, भिंतीवरच्या घोषणा याच वस्त्यांतल्या हातांनी रंगवल्या.

आता ट्रक समोरून वाचू. कपाळावर मालकाचे कुलदैवत. काचेवर मालकाच्या मुलांची नावे. दारावर मालकाचे किंवा कंपनीचे नाव, मुक्काम-पोस्ट. बाजूला सरकारला हवे ते: गाडीचे वजन, भाराचे वजन. मागच्या फाळक्यावर चित्र, आई-वडिलांचा आशीर्वाद आणि कुठे कुठे गर्वाने लिहिलेली जात. दिवसाला शेकडो किलोमीटर गाडी चालवणाऱ्या चालकाचे नाव शोधा. सापडत नाही. क्लीनरचे नाव नाही. पोती चढवणाऱ्या हमालाचे तर नाहीच. श्रम करणाऱ्यांपैकी फक्त एकाचे नाव कधी कधी फाळक्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत दिसते: पेंटरचे. तेही त्याने स्वतःच लिहिलेले असते म्हणून.

सरकारचीही एक लिव्हरी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार नॅशनल परमिटच्या ट्रकला सुकलेल्या पानाचा तपकिरी रंग, ३० सेंटीमीटर रुंद पांढरे पट्टे आणि दोन्ही बाजूंना ६० सेंटीमीटर व्यासाच्या वर्तुळात ‘नॅशनल परमिट’ अशी अक्षरे, असे ठरवून दिले गेले. धोकादायक माल नेणाऱ्या टँकरला पांढरा रंग. ३० एप्रिल २०१५ रोजी महाराष्ट्र सरकारने ट्रकच्या मागचे ‘हॉर्न ओके प्लीज’ बंद करायला सांगितले, कारण त्यामुळे लोक विनाकारण हॉर्न वाजवतात. म्हणजे पट्ट्याची रुंदी, वर्तुळाचा व्यास, हॉर्नचा मजकूर, सगळ्यावर नियम करता येतो. मग गाडी कोण चालवतो आणि किती तास चालवतो, हेही गाडीवर लिहा असा नियम करता आला नसता का? मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ चा कायदा होता. त्यात रोजचे कामाचे तास आठ ठरवले होते. चाकणहून निघालेल्या कुठल्याही ट्रकच्या चालकाला विचारा, त्याने तो कायदा कधी पाहिला का.

हमालांचे नाव गाडीवर नव्हते, पण ते कायद्यात आणले गेले, आणि त्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली हमाल पंचायत १९५० च्या दशकात इथेच उभी राहिली. राज्यभरच्या अशा लढ्यांतून १९६९ चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा आला. ज्याला मालक ‘बाजारातला सुटा माणूस’ म्हणत होता, त्याची नोंद झाली, मजुरीचा हिशेब झाला, भविष्य निर्वाह निधी झाला. हे कुणाच्या फाळक्यावर रंगवलेले नाही. संघटनेने ते मिळवले.

चप्पल बाहेर लटकते

ट्रकच्या साजातली आणखी एक वस्तू बघा. मागे बंपरला जुनी चप्पल टांगलेली असते. सोबत लिंबू-मिरची, काळी बाहुली आणि वाईट नजरेवाल्याचे तोंड काळे होवो अशा अर्थाचा मजकूर. नजर लागू नये म्हणून हा सगळा बंदोबस्त.

अंधश्रद्धा म्हणून आपण यावर टीका करतोच. पण यातला जातीचा भाग सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. चामड्याला हात लावणारा, चप्पल शिवणारा माणूस या व्यवस्थेने अपवित्र ठरवला, गावाबाहेर ठेवला. मात्र तीस-चाळीस लाखांची गाडी सुखरूप घरी यावी म्हणून त्याच चपलेचा आधार लागतो. म्हणजे अपवित्रतासुद्धा कामाला जुंपायची, फक्त तिची जागा मागे, बंपरखाली. देव कपाळावर आणि चप्पल मागे. ट्रकचा वरून-खालपर्यंतचा नकाशा गावाच्या नकाशासारखाच आहे. आणि ‘तोंड काळे’ म्हणजे अपमान, असे लिहिताना आपण कुणाच्या रंगाला अपमान म्हणतो, याचा विचार आपल्यापैकी ज्यांच्या गाड्या आहेत त्यांनी तरी करावा.

निळा रंग कुठून आला?

आता आपल्या रंगाकडे वळू. निळा रंग आपल्याला कुणी अंगावर बांधला नाही, तो आपण घेतला. बाबासाहेबांच्या १९३६ च्या स्वतंत्र मजूर पक्षाचा झेंडा लाल होता. १९४२ मध्ये नागपुरात शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले आणि निळा झेंडा पुढे आला. ‘जय भीम’ हे अभिवादन बाबू हरदास एल. एन. यांनी रूढ केले. ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांची अंत्ययात्रा राजगृहापासून दादर चौपाटीकडे निघाली, तेव्हा त्यांचा देह फुलांनी सजवलेल्या ट्रकवर होता. लाखो लोकांनी बाबासाहेबांचे शेवटचे दर्शन ट्रकच्या हौद्यात घेतले. त्यानंतर कितीतरी वर्षे आपली माणसे ट्रकमध्ये उभी राहून चैत्यभूमीला गेली, दीक्षाभूमीला गेली, १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला गेली. ज्या हौद्यात एरवी कांदा आणि सिमेंट जाते, त्यात उभे राहून आपल्या आयांनी मुलांना छातीशी धरले. तेव्हा ट्रक आपल्याला माल वाटत नव्हता, कारण आपण तेव्हा कुणाचे ओझे नव्हतो.

म्हणून ट्रकच्या काचेवर ‘जय भीम’ लिहिणे ही सजावट नाही. त्याची किंमत मोजावी लागते. मे २०१५ मध्ये शिर्डीत मोबाइलवरच्या बाबासाहेबांच्या गाण्याच्या रिंगटोनवरून वाद झाला आणि आपल्या एका तरुणाचा खून झाला. खिशातल्या फोनचा आवाज सहन होत नाही, तिथे महामार्गावरून ‘जय भीम’ लिहिलेली गाडी एकट्याने नेणाऱ्याला किती विचार करावा लागत असेल! काही जण ठरावीक रस्त्यांवर फ्लॅप खाली करतात, हे आम्ही पाहिले आहे. त्यांना भित्रे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. रात्रीच्या ढाब्यावर ते एकटे असतात.

इथे एक आक्षेप येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निकालानंतर उत्तर प्रदेश सरकारने वाहनांवर जातीचा उल्लेख करायला बंदी घातली. लगेच काही जण म्हणू लागले, मग तुमचे ‘जय भीम’ही पुसा. आमचे उत्तर स्पष्ट आहे. जातीचे नाव गाडीवर लिहून मिरवणे बंद झाले तर आमचा विरोध नाही, जातीचा गर्व आम्हाला कुणाचाच नको. पण ‘जय भीम’ ही जात नाही. जात नाकारणाऱ्या माणसाचे ते नाव आहे. ‘अमुक कुळी’ लिहिणारा सांगतो की मी जन्माने मोठा. ‘जय भीम’ लिहिणारा सांगतो की जन्माने कुणीच मोठा नाही. या दोन वाक्यांना एकाच नियमाने मोजणारा एक तर अज्ञानी असतो, नाही तर लबाड. आणि आपल्यातही कुणी ‘जय भीम’च्या शेजारी पोटजात लिहीत असेल, तर त्याने ती पुसावी. हा नियम आपल्यालाही लागू आहे.

एक दिवसाचा रंग

आता त्या कार्यकर्त्याच्या प्रश्नाचे उत्तर. आपला रंग एकच दिवस का? कारण गाडी भाड्याची आहे. चाळीसगावचा टांगा आठवा. वाहन त्यांचे, हाकणारा आपला. जवळजवळ शंभर वर्षांनी मिरवणुकीच्या ट्रकवर तेच आहे, फक्त आपण त्याला निळे कापड गुंडाळले आहे.

मालकीचा रस्ता बंद होता असे नाही. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे. बीजभांडवलाची योजना आहे. दलित उद्योजकांची डिक्की ही संघटना २००५ साली पुण्यातच स्थापन झाली. २०१६ च्या स्टँड-अप इंडिया योजनेत अनुसूचित जाती-जमातींच्या आणि महिला उद्योजकांसाठी १० लाख ते १ कोटी रुपयांच्या कर्जाची तरतूद होती. तेल कंपन्यांच्या टँकर वाहतुकीच्या निविदांत अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव वाटा असतो. या वाटांवरून गेलेली आपली काही माणसे आज स्वतःच्या गाड्या चालवतात, त्यांचा आम्हाला अभिमान आहे.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आम्ही अशा गाड्या पाहिल्या आहेत ज्यांच्या आरसी बुकात नाव आपल्या माणसाचे आहे आणि चावी, बिल्टी, बँकेचे पासबुक दुसऱ्याच्या खिशात आहे. जातीचा दाखला भाड्याने गेलेला असतो. महिन्याला काही हजार मिळतात, त्यावर सही करणारा खूश असतो आणि राखीव वाट्यातली गाडी पुन्हा त्याच घराच्या अंगणात उभी राहते. ही फसवणूक दुसऱ्याने केली हे खरे, पण सही आपली असते. अशा गाडीवर पुढे ‘जय भीम’ही लिहिलेले असू शकते. म्हणून आम्ही म्हणतो, काच वाचून थांबू नका, कागद वाचा.

आणखी एक गाडी विसरू नका. शहरात रोज पहाटे फिरणारी कचऱ्याची गाडी. तिच्यावर शासकीय बोधचिन्ह असते, स्वच्छतेचा संदेश असतो, हसरी चित्रे असतात. मागे लटकणारी माणसे मात्र बहुतांश आपली असतात. या एका गाडीवर आपली माणसे शोधावी लागत नाहीत. पेशवाईत झाडू कमरेला बांधला जात होता. आज तो गाडीला बांधलेला आहे आणि गाडीबरोबर तोच माणूस धावतो आहे. हातमोजे, बूट, कायम नोकरी मागणारे हे कामगार संघटित होतात, तेव्हा आपण त्यांच्या मोर्चात किती जण असतो? जयंतीच्या मिरवणुकीत असतो त्यांच्या किती टक्के?

मग करायचे काय?

आम्ही कुणाला ट्रकवरचे चित्र पुसायला सांगत नाही. चार गोष्टी सुचवतो. पहिली, रेडियमच्या आणि फ्लेक्सच्या दुकानांनी ब्रशचे काम संपत आणले आहे. आपल्या वस्त्यांत ज्या जुन्या पेंटरांनी गाड्या, फलक, भिंती रंगवल्या त्यांच्याशी बोला, त्यांचे काम छायाचित्रांत जतन करा, नावानिशी. दुसरी, ज्यांची स्वतःची गाडी आहे त्यांनी दारावर चालकाचे आणि क्लीनरचे नाव लिहावे. खर्च दोनशे रुपयांचा आहे, पण पुण्याच्या रस्त्यावर ती गोष्ट नवी असेल. तिसरी, मंडळाच्या जयंती वर्गणीतला ठरावीक हिस्सा बाजूला काढा आणि वस्तीतल्या एका होतकरू चालकाला कर्जासाठी लागणारी सुरुवातीची रक्कम उभी करून द्या. चौथी, दाखला भाड्याने देणाऱ्याला बैठकीत उभे करून विचारा. तो आपला भाऊ असला तरी विचारा.

निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरीतून जुन्या मुंबई रस्त्याने थोडे पुढे गेले की देहूरोड लागते. तिथे २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतःच्या हाताने बुद्धमूर्तीची स्थापना केली. धर्मांतराच्या जवळजवळ दोन वर्षे आधी. तो समारंभ तिथल्या कामगार वस्तीने उभा केला होता, कुण्या शेठ-सावकाराने नव्हे. तेव्हापासून या रस्त्याने किती ट्रक त्या जागेवरून गेले असतील. यंदा आमच्या मंडळाने ठरवले आहे की मिरवणुकीला गाडी घ्यायची ती आपल्या माणसाच्या मालकीची, आरसी बुक बघून. तशी गाडी शोधायला आम्हाला आतापर्यंत तीन आठवडे लागले आहेत. अजून मिळालेली नाही. कुणाच्या माहितीत असेल तर वस्तीत येऊन सांगा.

जय भीम! जय भारत!